पंचाचा निर्णय आणि रसिकाचा न्याय

फुटबॉलसारख्या खेळाविषयीं वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत लिहावें कीं नाहीं, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येण्याचा संभव आहे. खेळ मैदानांत संपतो, आणि त्यावरून प्रेक्षकांत जी हमरीतुमरी होते ती चहाच्या पेल्याबरोबर संपते. विचारी माणसानें तिच्याकडे लक्ष कां द्यावें, असें पुष्कळांस वाटतें. आमचें मत निराळें आहे. एखाद्या कृतीचे गुणदोष निवडून तिची योग्यता ठरविणें, यास आपण टीका म्हणतों. हा व्यापार सुशिक्षितांत फारच थोडे लोक मनापासून करतात. उलट फुटबॉलच्या सामन्यावर वाद घालणारा सामान्य मनुष्य तो रोज करतो, तावातावानें करतो, आणि आपल्या मतापायीं मित्रही दुखवितो. त्याची भाषा ओबडधोबड असेल. परंतु न्याय, पक्षपात, यश, दैव, गुण हे जे शब्द तो उच्चारतो, ते आम्हां टीकाकारांच्याच पेढीवरचे आहेत. ते तो कसे वापरतो हें पाहिल्यास आपण ते कसे वापरतों याचाही थोडा उलगडा होईल, या आशेनें हा लेख लिहिला आहे.

महाराष्ट्रांत हा वाद ज्यास ऐकावयाचा असेल त्यानें कोल्हापुरास जावें. तेथें तालमींचे आणि पेठांचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात, आणि जागतिक चषकाच्या दिवसांत त्याच पेठांतून अर्जेंटिना व ब्राझील यांचीं निशाणें लागतात. ज्या देशांची भाषा कानांवरून गेली नाहीं, त्यांच्या बाजूनें सख्खे भाऊ एकमेकांशीं अबोला धरतात. त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. आपणही कालिदास आणि भवभूति यांच्यावरून एके काळीं असेच भांडलों आहों.

हे वाद बारकाईनें ऐकले तर असें दिसून येतें कीं, त्यांत तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला प्रश्न घडलेल्या गोष्टीचा: चेंडू रेषेपलीकडे गेला कीं नाहीं, हात लागला कीं नाहीं. दुसरा नियमाच्या अर्थाचा: हात लागला हें खरें, पण तो दंडास पात्र होता काय? तिसरा योग्यतेचा: जिंकलेला संघ खरोखर श्रेष्ठ होता काय, आणि ज्या खेळाडूस यश लाभलें तो त्या यशामुळेंच थोर म्हणावा काय? पहिल्या प्रश्नास पुरावा लागतो, दुसऱ्यास तारतम्य लागतें, तिसऱ्यास रसिकता लागते. प्रेक्षकाची चूक ही कीं, तो पहिल्याचें उत्तर आपल्या आवडीवरून देतो आणि तिसऱ्याचें उत्तर गोलांच्या आंकड्यावरून. जेथें पुरावा हवा तेथें तो प्रेम आणतो, आणि जेथें प्रेम हवें तेथें पुरावा मागतो.

पहिल्या प्रश्नाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घेऊं. ३० जुलै १९६६ रोजीं लंडन येथील वेंब्लीच्या मैदानावर इंग्लंड व पश्चिम जर्मनी यांच्यांत जागतिक चषकाचा अंतिम सामना झाला. नव्वद मिनिटें संपत आलीं असतां जर्मनीच्या वेबरनें गोल करून दोन-दोन अशी बरोबरी साधली, आणि सामना जादा वेळांत गेला. त्या जादा वेळाच्या अकराव्या मिनिटास जेफ हर्स्टनें मारलेला चेंडू गोलाच्या आडव्या दांडीच्या खालच्या अंगास लागला, तेथून सरळ जमिनीवर आदळला आणि बाहेर उसळला. नियम असा आहे कीं, संपूर्ण चेंडूनें संपूर्ण रेषा ओलांडली तरच गोल. केसभर भाग रेषेवर राहिला तरी गोल नव्हे. स्वित्झर्लंडचे पंच गॉटफ्रीड डीन्स्ट यांची खात्री होईना. ते कडेच्या रेषेवर उभे असलेले आपले सहकारी तोफिक बहरामोव्ह यांच्याकडे गेले. दोघांची भाषा एक नव्हती. बहरामोव्ह यांनीं मान डोलावली, आणि गोल दिला गेला. अगदीं अखेरीस हर्स्टनें आणखी एक गोल केला व इंग्लंडनें चार-दोन असा सामना जिंकला.

त्या दिवसापासून हा वाद चालूं आहे. इंग्लंडचा अभिमानी म्हणतो: रॉजर हंट हा आमचा खेळाडू चेंडूच्या अगदीं जवळ होता, तो चेंडू पुन्हां आंत ढकलावयास न धांवतां हर्षानें वळला, त्या अर्थीं गोल झालाच होता. जर्मनीचा अभिमानी म्हणतो: रेषेवरचा चुना उडाला, त्या अर्थीं चेंडू रेषेवर पडला. दोघेही डोळ्यांनीं पाहिल्यासारखें बोलतात. वस्तुतः दोघांनींही पाहिलेलें नाहीं. दोघांनीं अनुमान केलेलें आहे, आणि तेंही आपापल्या घराच्या दिशेनें. १९९६ च्या सुमारास ऑक्सफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं जुन्या चित्रफितींवरून भूमितीच्या साहाय्यानें चेंडूची जागा काढली, आणि चेंडू संपूर्णपणें रेषेपार गेला नव्हता असा निष्कर्ष मांडला. त्यानें किती इंग्लिश प्रेक्षकांचें मत बदललें असेल, याचा वाचकांनींच अंदाज करावा.

येथें बहरामोव्ह यांच्याविषयीं दोन शब्द लिहिणें आवश्यक वाटतें. इंग्लंडांत ते 'रशियन रेषापंच' म्हणून ओळखले जातात. परंतु ते रशियन नव्हते, अझरबैजानचे होते. जर्मनींत दांडीला लागून रेषेवर पडणाऱ्या चेंडूस 'वेंब्लीचा गोल' असें नांवच पडून गेलें. आणि बाकू शहरांत त्यांचें नांव दिलेलें क्रीडांगण आहे व त्याजवळ त्यांचा पुतळाही आहे. एकच मान डोलावणें एका देशांत कृतज्ञतेचा विषय झालें, दुसऱ्यांत अन्यायाचा, आणि तिसऱ्यांत राष्ट्रीय अभिमानाचा. त्या माणसानें मात्र एवढेंच केलें होतें कीं, क्षणभरांत जें दिसलें असें त्यास वाटलें तें त्यानें सांगितलें. त्यास तें खरेंच दिसलें होतें कीं नाहीं, हें कोणीच विचारीत नाहीं. तो कोणाच्या उपयोगी पडला, एवढेंच विचारलें जातें. आमच्या मतें प्रेक्षकांच्या न्यायबुद्धींतील पहिला मोठा दोष हा होय.

दुसरा दोष ४४ वर्षांनीं दिसून आला. २७ जून २०१० रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील ब्लूमफाँटेन येथें तेच दोन देश पुन्हां समोरासमोर आले. जर्मनी दोन-एक अशी पुढें असतां इंग्लंडच्या फ्रँक लँपार्डनें मारलेला चेंडू आडव्या दांडीस लागून रेषेच्या चांगलाच आंत पडला व बाहेर आला. घरबसल्या पाहणाऱ्या सर्वांस तो गोल दिसला. उरुग्वेचे पंच लारिओन्डा व त्यांचे सहकारी यांस तेवढा दिसला नाहीं. जर्मनी पुढें चार-एक अशी जिंकली. त्यावर पुष्कळ लोक म्हणाले, "फिटंफाट झाली! १९६६ चा हिशेब चुकता झाला."

हें वाक्य ऐकावयास गोड लागतें, परंतु त्याहून अन्यायाचें वाक्य क्वचितच सांपडेल. ज्या जर्मन खेळाडूंवर १९६६ सालीं अन्याय झाला असेल, त्यांस २०१० सालीं काय मिळालें? आणि ज्या लँपार्डचा जन्म १९७८ चा, त्यानें १९६६ सालीं कोणाचें काय घेतलें होतें? आपल्याकडे कर्मविपाकाचा सिद्धांत मानणारेही मागच्या जन्मींचें फळ त्याच जीवास भोगावयास लावतात. शेजाऱ्याच्या नातवास लावीत नाहींत. देश ही एकच अखंड व्यक्ति आहे, तिचें एक खातें आहे, आणि दैव त्यांत जमाखर्च लिहितें, ही कल्पना करमणुकीची आहे तोंवर ठीक. परंतु तिचा उपयोग एका माणसावर झालेला अन्याय विसरण्याकडे होऊं लागला, म्हणजे ती करमणुकीची राहात नाहीं.

त्या सामन्याचा एक चांगला परिणाम मात्र झाला. खेळाचे नियम ठरविणाऱ्या मंडळानें २०१२ सालीं गोलाच्या रेषेवर यंत्राचें साहाय्य घेण्यास संमति दिली, आणि २०१४ च्या ब्राझीलमधील जागतिक चषकांत तें यंत्र वापरांत आलें. पुढें २०१८ सालीं चित्रफीत पाहून पंचास साहाय्य करण्याची पद्धति नियमांत दाखल झाली व त्याच वर्षीं रशियांतील स्पर्धेंत ती अमलांत आली. पुष्कळ जुने रसिक या यंत्रांवर रुष्ट आहेत. ते म्हणतात, चूक हा खेळाचा प्राण आहे. गोल झाल्याबरोबर उडी मारावयाची सोय राहिली नाहीं. आनंद करण्यापूर्वीं परवानगीची वाट पाहावी लागते. आम्हीही कांहीं काळ असेंच म्हणत होतों. आतां म्हणत नाहीं. ज्या चुकीमुळें दुसऱ्याचा चार वर्षांचा श्रम वायां जातो, तिला प्राण म्हणणें हें फक्त बघ्यालाच परवडतें. जो प्रश्न केवळ घडलेल्या गोष्टीचा आहे, तो यंत्रानें सोडविला तर रसिकाचें कांहीं जात नाहीं. उलट त्याचा वेळ वांचतो.

परंतु यंत्रानें सर्व वाद मिटतील अशी ज्यांची समजूत होती, त्यांची निराशा लवकरच झाली. १५ जुलै २०१८ रोजीं मॉस्को येथें फ्रान्स व क्रोएशिया यांच्यांत अंतिम सामना झाला. एक-एक अशी बरोबरी असतां क्रोएशियाच्या पेरिशिच याच्या हातास चेंडू लागला. अर्जेंटिनाचे पंच पिताना यांनीं प्रथम खेळ थांबविला नव्हता. मग सूचनेवरून त्यांनीं कडेला जाऊन चित्र पाहिलें, पुन्हां पाहिलें, आणि फ्रान्सला पेनल्टी दिली. चेंडू हातास लागला याविषयीं कोणाचाच मतभेद नव्हता. वाद होता तो, हात जाणूनबुजून आला कीं चेंडूच हातावर आला, याविषयीं. तें कोणत्या यंत्रानें सांगावें? यंत्र हात दाखवितें, हेतु दाखवीत नाहीं. फ्रान्सनें तो सामना चार-दोन असा जिंकला, आणि वाद १९६६ इतकाच जोरांत राहिला. फरक इतकाच कीं, तो पहिल्या प्रश्नावरून उठून दुसऱ्या प्रश्नावर जाऊन बसला. ऑफसाइडच्या बाबतींतही तेंच. पायाचें बोट पुढें होतें हें यंत्र अचूक सांगतें. परंतु बोटभर पुढें असणाऱ्यास त्या बोटानें कोणता अयोग्य फायदा मिळाला, हें सांगणें त्याचें काम नव्हे. वृत्तांत मात्रा मोजून कविता कळत नाहीं, हें जो जाणतो त्यास याचें नवल वाटणार नाहीं. मात्राही मोजल्या पाहिजेत. मोजून झाल्यावर काव्याचा प्रश्न शिल्लकच असतो.

आतां तिसऱ्या आणि सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळूं. येथें पहिलें उदाहरण अर्थातच २२ जून १९८६ च्या सामन्याचें. मेक्सिको शहरांतील अझ्टेका मैदानावर अर्जेंटिना व इंग्लंड यांची गांठ पडली. दोन्ही देशांत फॉकलंड बेटांवरून १९८२ सालीं युद्ध होऊन गेलें होतें, त्यामुळें मैदानावर खेळाहून अधिक कांहीं तरी आहे असें दोन्हीकडच्या प्रेक्षकांस वाटत होतें. उत्तरार्धाच्या सहाव्या मिनिटास इंग्लंडच्या हॉजकडून उंच उडालेला चेंडू आपल्याच गोलाकडे आला. गोलरक्षक शिल्टन पुढें धांवला; त्याच्याहून पुष्कळच ठेंगणा असलेला मॅरॅडोना उडाला, आणि चेंडू गोलांत गेला. तो डोक्यानें नव्हे, डाव्या हाताच्या मुठीनें मारलेला होता. ट्युनिसियाचे पंच अली बेन्नासर यांनीं बल्गेरियाचे रेषापंच दोचेव्ह यांच्याकडे पाहिलें, निशाण वर आलेलें दिसलें नाहीं, आणि गोल दिला. त्यानंतर चार मिनिटांनीं मॅरॅडोनानें स्वतःच्या अर्ध्या मैदानांत चेंडू घेतला, एकामागून एक इंग्लिश खेळाडूंस चुकवीत, शेवटीं शिल्टनलाही बगल देऊन, गोल केला. इंग्लंडतर्फे लिनेकरनें पुढें एक गोल फेडला. निकाल दोन-एक.

एकाच माणसानें चार मिनिटांच्या अंतरानें केलेले हे दोन गोल म्हणजे टीकाकाराची परीक्षाच होय, आणि प्रेक्षक या परीक्षेंत दोन प्रकारांनीं नापास होतात. अर्जेंटिनाचा भक्त म्हणतो, ज्याला दुसरा गोल करतां येतो त्याला पहिला माफ आहे. किंबहुना ती लबाडी नव्हे, चातुर्य होय. इंग्लंडचा भक्त म्हणतो, जो पहिला गोल करतो त्याच्या दुसऱ्याचें कौतुक मला सांगूं नका. पहिला सौंदर्याच्या जोरावर असत्य धुऊन काढूं पाहतो. दुसरा असत्याच्या जोरावर सौंदर्य नाकारूं पाहतो. वास्तविक दोन्ही गोष्टी पूर्णपणें खऱ्या आहेत, आणि एकीनें दुसरी कमी होत नाहीं. पहिला गोल हा निखालस फसवणूक होता. दुसरा गोल हा पायांनीं चेंडू खेळवितां येतो तेव्हांपासून मनुष्यानें केलेल्या अत्यंत सुंदर कृतींपैकीं एक होता. हीं दोन वाक्यें एका दमांत, मध्यें 'परंतु' न घालतां, ज्यास उच्चारतां येतील त्यास आम्ही रसिक म्हणूं.

कोणी म्हणेल, पहिला गोल वजा करा. मग एक-एक अशी बरोबरी राहते. हा हिशेबही फसवा आहे. पहिला गोल झाला नसता तर पुढचा खेळ निराळ्या रीतीनें खेळला गेला असता. इंग्लंडचे खेळाडू निराळ्या जागीं उभे असते. कदाचित् तो दुसरा गोल घडलाच नसता. हें ध्यानांत घेतलें म्हणजे अर्जेंटिनाच्या भक्ताची अडचण अधिकच बिकट होते. जो सुंदर गोल त्यास प्राणांहून प्रिय आहे, तो कदाचित् त्या लबाडीच्या खांद्यावर उभा आहे. जगांतील पुष्कळ सुंदर वस्तूंची हीच कुळकथा असते. ती लपवूंही नये आणि तिच्यामुळें वस्तु फोडूंही नये.

आणि पंच बेन्नासर? पहिला गोल दिल्याचा दोष त्यांच्या नांवावर कायमचा लागला. पण त्या दुसऱ्या गोलाच्या वेळीं इंग्लिश खेळाडू मॅरॅडोनास अडवूं पाहात असतां शिट्टी न वाजवितां खेळ चालूं दिला तोही त्यांनींच. त्यांनीं शिट्टी वाजविली असती तर आपणांस तो गोल पाहावयास मिळाला नसता. हें त्यांचें श्रेय कोणत्याही देशाच्या प्रेक्षकानें मोजल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. पंचाची चूक दिसते. त्याचा संयम दिसत नाहीं.

यशावरून खेळाडूची योग्यता ठरविण्याची जी रूढि आहे, तिच्याकडे आतां पाहूं. १९५४ सालचा हंगेरीचा संघ आठवावा. त्यानें आदल्या वर्षीं वेंब्लीवर जाऊन इंग्लंडचा सहा-तीन असा पराभव केला होता. स्वित्झर्लंडमधील स्पर्धेच्या पहिल्या फेरींत पश्चिम जर्मनीस आठ-तीन असें हरविलें होतें. त्याच जर्मनीशीं ४ जुलै रोजीं बर्न येथें अंतिम सामना झाला, आणि हंगेरी तीन-दोन अशी हरली. अखेरच्या मिनिटांत पुश्काशनें बरोबरीचा गोल केला होता. तो ऑफसाइड म्हणून रेषापंचानें रद्द केला. तो निर्णय बरोबर होता कीं चूक, याचा वाद अद्याप चालूं आहे. परंतु आम्हांस विचारावयाचें तें निराळेंच. तो गोल दिला असता आणि हंगेरी पुढें जिंकली असती, तर तो संघ अधिक चांगला झाला असता काय? त्यानें जो खेळ केला तो तेवढाच राहिला असता. एका निशाणाच्या वर होण्यानें ज्याची योग्यता बदलते, ती योग्यता नव्हे, ती पावती होय.

याहून जवळचें उदाहरण मेस्सीचें. २०१४ सालीं रिओच्या माराकाना मैदानावर अर्जेंटिना अंतिम सामना एका गोलानें हरली. स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडूचें पारितोषिक त्यास मिळालें, आणि तरी तो अपयशी म्हणून परतला. २०१५ व २०१६ सालीं दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेंत चिलीविरुद्ध अंतिम सामने पेनल्टींवर गेले व अर्जेंटिना दोन्ही हरली. दुसऱ्या वेळीं त्याची स्वतःची पेनल्टी हुकली आणि त्यानें राष्ट्रीय संघांतून निवृत्त होत असल्याचें सांगितलें. तो परत आला. २०२१ सालीं ती स्पर्धा जिंकली, आणि १८ डिसेंबर २०२२ रोजीं कतारमधील लुसैल येथें फ्रान्सशीं अंतिम सामना झाला. तीन-तीन अशी बरोबरी असतां जादा वेळाच्या शेवटल्या क्षणीं फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा गोलासमोर आला. त्याचा चेंडू गोलरक्षक मार्टिनेझ यानें पाय पसरून अडविला. पुढें अर्जेंटिना पेनल्टींवर चार-दोन अशी जिंकली, आणि दुसऱ्या दिवसापासून मेस्सी हा निर्विवाद श्रेष्ठ ठरला. तो चेंडू वीतभर बाजूनें गेला असता तर तोच मेस्सी, त्याच दोन गोलांसह, तीच वीस वर्षांची कला घेऊन, 'शेवटपर्यंत जमलें नाहीं' या सदरांत पडला असता. ज्यांनीं त्याच्या थोरवीचा वाद त्या रात्रीं संपला असें म्हटलें, त्यांनीं आपण मेस्सीविषयीं नव्हे तर मार्टिनेझच्या पायाविषयीं बोलत आहों हें ध्यानांत घेतलें नाहीं.

त्याच सामन्यांत फ्रान्सच्या एम्बाप्पेनें तीन गोल केले. पुरुषांच्या जागतिक चषकाच्या अंतिम सामन्यांत तीन गोल करणारा त्याच्यापूर्वीं एकच होता, तो म्हणजे १९६६ चा हर्स्ट. हर्स्टच्या तिहींपैकीं एक गोल बहुधा गोल नव्हता, आणि तो विजयी वीर ठरला. एम्बाप्पेच्या एकाही गोलाविषयीं रेषेचा वाद नाहीं, आणि तो हरलेल्यांत गणला गेला. यशाच्या तराजूनें माणसें तोलणाऱ्यांनीं हीं दोन नांवें शेजारीं लिहून ठेवावींत.

याचा अर्थ यश कांहींच नव्हे असा मात्र आम्ही करीत नाहीं. दुसऱ्या टोंकाचे कांहीं रसिक हरलेल्यांवरच प्रेम करतात. पराभव हीच त्यांस सौंदर्याची खूण वाटते. तेंही खोटें आहे. निर्णायक वेळीं हात-पाय न गळूं देणें हा गुणच आहे, आणि वारंवार मिळालेलें यश हें त्या गुणाची साक्ष देतें. परंतु साक्षीदार तो साक्षीदार. त्याची उलटतपासणी झाली पाहिजे. त्यालाच न्यायासनावर बसविलें म्हणजे टीका संपली.

आपल्या रंगभूमीवरचें एक उदाहरण येथें उपयोगी पडेल. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग केला. दोघांचेही अभिमानी होते, आणि त्या प्रयोगानें श्रेष्ठत्वाचा वाद मिटला नाहीं. पण तेथें गोलांचा फलक नव्हता. म्हणून वाद घालणारास आवाजाचा लगाव, तान, शब्दांचा उच्चार, अभिनय यांविषयींच बोलावें लागे. आपल्यास काय आवडलें तें नांव घेऊन सांगावें लागे. फुटबॉलच्या प्रेक्षकास निकालाचा आंकडा तयार मिळतो, आणि तो त्यास वर्णनाच्या श्रमांतून सोडवितो. 'किती चषक?' हा प्रश्न विचारला कीं पुढें कांहीं पाहावयास नको. आम्हांस भीति वाटते ती या आळसाची. कारण तो मैदानापुरता राहिलेला नाहीं. कोणत्या पुस्तकास पारितोषिक मिळालें, किती आवृत्ति खपल्या, हें विचारून गप्प बसणारा वाचक आपल्याही घरांत आहे.

हा सर्व ऊहापोह केवळ बुद्धीचा खेळ असता तर येथेंच लेखणी ठेवली असती. पण या वादांची एक भयंकर बाजू आहे. २४ मे १९६४ रोजीं पेरूच्या लिमा शहरांत पेरू व अर्जेंटिना यांच्यांत ऑलिंपिकच्या पात्रतेचा सामना चालूं होता. शेवटीं शेवटीं पेरूचा बरोबरीचा गोल पंचांनीं रद्द केला. प्रेक्षक मैदानांत उतरले, पोलिसांनीं अश्रुधूर सोडला, लोक जिन्यांकडे धांवले, आणि खालचे दरवाजे बंद होते. तीनशेंहून अधिक माणसें गुदमरून व चेंगरून मेलीं. १९९४ सालीं कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून अमेरिकेविरुद्धच्या सामन्यांत चेंडू आपल्याच गोलांत गेला; दहा दिवसांनीं मेडेलीन शहरांत त्याचा गोळ्या घालून खून झाला. २००५ सालीं स्वीडनचे पंच आंदेर्स फ्रिस्क यांनीं, आपल्यास व आपल्या कुटुंबास धमक्या येऊं लागल्या म्हणून, शिट्टी कायमची खालीं ठेवली. ज्या मनानें आपण 'पंच विकला गेला' असें सहज बोलून जातों, त्याच मनाचीं हीं पुढचीं पावलें आहेत. पंचाची चूक झाली असें म्हणण्याचा अधिकार प्रत्येक प्रेक्षकास आहे. त्याची नियत वाईट होती असें म्हणण्यास मात्र पुरावा लागतो, आणि तो शंभरांतून एकाजवळही नसतो.

या बाबतींत आम्हांस स्वतःचा एक अनुभव सांगावासा वाटतो. परीक्षकाचें काम आम्ही बरींच वर्षें केलें. एके वर्षीं आम्हीं तपासलेल्या उत्तरपत्रिकेंत एक विद्यार्थी अगदीं थोड्या गुणांनीं अनुत्तीर्ण झाला. फेरतपासणींत असें निघालें कीं, एक पान आमच्या नजरेंतून सुटलें होतें. निकाल बदलला, परंतु तोंवर त्याची पुढील प्रवेशाची मुदत टळून गेली होती. तो मुलगा आम्हांस भेटावयास आला तेव्हां आम्हीं शिव्याशापांची तयारी ठेवली होती. त्यानें एवढेंच विचारलें, "सर, तें पान वाचलें असतें तर तुम्हांला माझें उत्तर आवडलें असतें का?" आम्हीं तें पान पुन्हां त्याच्यासमक्ष वाचलें. उत्तर खरोखर चांगलें होतें, आणि तसें आम्हीं त्यास सांगितलें. तो समाधानानें गेला असें म्हणवत नाहीं, पण रागानें गेला नाहीं.

त्या मुलानें जो भेद जाणला तोच या लेखांत सांगावयाचा होता. गुण मिळणें न मिळणें हा परीक्षकाचा निर्णय. उत्तर चांगलें असणें ही निराळी गोष्ट. पहिला चुकूं शकतो, चुकल्यास दुरुस्त केला पाहिजे, आणि कधीं कधीं दुरुस्तीला उशीर होतो. दुसरी गोष्ट मात्र पान उघडून, शांतपणें, पुन्हां वाचून ठरवावी लागते. पंचास निर्णयासाठीं एक क्षण मिळतो; प्रेक्षकास आणि टीकाकारास सारें आयुष्य मिळतें. एवढा अवकाश असूनही आपण जर पंचाच्याच घाईनें शिट्टी वाजवूं लागलों, तर दोष कोणाचा अधिक, याचा विचार सामना संपल्यावर घरीं जातांना प्रत्येकानें करावा.